हाक ऐकू येणे आणि हाक ओळखणे

आदरणीय ताई, प्रभू येशूच्या नावात सलाम. मी ३१ वर्षांची आहे, एका शाळेत शिकवते आणि माझी आजारी आई सर्वस्वी माझ्यावर अवलंबून आहे. तीन महिन्यांपूर्वी आमच्या प्रार्थना गटातील एका वडीलधाऱ्या बंधूंनी मला सर्वांसमोर सांगितले, की मी नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत यावे असे प्रभूने त्यांना दाखवले आहे आणि उशीर केला तर आशीर्वाद निघून जाईल. मला स्वतःला तसे काहीच जाणवलेले नाही. मी डोळे मिटून बायबल उघडले, तेव्हा अब्राहामाला देश व नातलग सोडण्यास सांगणारे वचन समोर आले. दुसऱ्या दिवशी उघडले, तेव्हा आईबापांचा मान राखण्याविषयीचे आले. गटातील प्रत्येक जण 'प्रभू माझ्याशी बोलला' असे सहज म्हणतो. मला मात्र कधी काही ऐकू आलेले नाही, त्यामुळे मी प्रभूच्या मेंढरांपैकी आहे की नाही, अशीच शंका येऊ लागली आहे. रात्री झोप लागत नाही. देवाची वाणी कशी ओळखावी? आणि गटात जाणे मी थांबवावे का?
— एक भगिनी

प्रिय भगिनी,

आपण प्रभूच्या मेंढरांपैकी आहोत की नाही, या तुमच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण बाकीची सारी तगमग तिच्यातूनच निघालेली दिसते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा तिसरा अध्याय पुन्हा एकदा सावकाश वाचा. मंदिरात झोपलेल्या लहान शमुवेलाला परमेश्वर हाक मारतो, आणि मुलगा उठून धावत जातो तो वृद्ध याजक एलीकडे. एकदा नव्हे, तीनदा. हाक त्याला स्पष्ट ऐकू आली होती, इतकी स्पष्ट की ती घरातल्याच माणसाची असणार असे त्याला वाटले. त्याला ऐकू येत होते. ओळखू येत नव्हते. त्याचे कारण शास्त्र सातव्या वचनात देते: शमुवेलाला अजून परमेश्वराची ओळख झाली नव्हती आणि त्याचे वचन अजून त्याला प्रगट झाले नव्हते. देवाच्या घरात वाढणाऱ्या, तिथे रोज सेवा करणाऱ्या मुलाविषयी हे लिहिलेले आहे. त्याच्या चुकीबद्दल देव त्याच्यावर रागावला नाही, 'तीनदा संधी दिली, आता दुसऱ्याला पाहतो' असेही म्हणाला नाही. त्याने चौथ्यांदा हाक मारली.

मला या कथेचा मोठा आधार वाटतो. हाक पोहोचवण्याचा भार हाक मारणाऱ्याने स्वतःकडे घेतला आहे. 'माझी मेंढरे माझी वाणी ऐकतात' असे येशू योहानाच्या दहाव्या अध्यायात म्हणतो, तेव्हा तो मेंढरांच्या कानांची परीक्षा घेत नसतो, आपण कसा मेंढपाळ आहोत हे सांगत असतो. तो आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, त्यांना बाहेर नेतो आणि त्यांच्यापुढे चालतो. मेंढरू आवाज ओळखायला शिकते ते रोजच्या सहवासात, त्याच आवाजामागून चारापाण्यापर्यंत अनेकदा गेल्यावर. तेव्हा 'मला अजून ओळखता येत नाही' ही कबुली परक्याची नसून शिकणाऱ्याची आहे, आणि तुम्ही तळमळून ज्याची वाणी शोधत आहात त्यानेच ती तळमळ तुमच्या मनात घातली आहे, याविषयी मला शंका नाही.

त्याच कथेत एली काय करतो, ते तुमच्या प्रश्नासाठी फार महत्त्वाचे आहे. परमेश्वर मुलाला हाक मारत आहे, हे तिसऱ्या वेळी त्याच्या ध्यानात येते. तो वयाने मोठा, अधिकाराने मोठा. मुलगा त्याच्याच देखरेखीखाली. तरीही देव काय सांगणार आहे, हे तो मुलाला सांगत नाही. जा, निजून राहा, आणि पुन्हा हाक आली तर 'हे परमेश्वरा, बोल, तुझा दास ऐकत आहे' असे म्हण, एवढेच तो शिकवतो आणि बाजूला होतो. सकाळी तोच मुलाला संदेश विचारतो, आणि तो स्वतःच्या घराण्याविरुद्धचा निघाला तरी मान लववतो. आध्यात्मिक वडिलांचे काम कसे असावे, याचे याहून चांगले चित्र मला शास्त्रात सापडलेले नाही. आता त्याशेजारी तुमच्या बाबतीत घडलेले ठेवून पाहा. तुम्हाला सर्वांसमोर तयार निर्णय सांगितला गेला, त्याला मुदत घातली गेली, आणि मुदत चुकल्यास काय गमावाल हेही सांगितले गेले. तुम्ही स्वतः प्रभूपुढे उभ्या राहून 'बोल' म्हणण्याची जागाच त्यात उरली नाही.

याचा अर्थ त्या बंधूंनी मुद्दाम खोटे सांगितले असा नव्हे. मी त्यांना ओळखत नाही, आणि मनातले जाणणारा प्रभू आहे. पण 'देवाने मला सांगितले' असे म्हणणारी माणसे किती वेगवेगळ्या प्रकारे चुकू शकतात, हे शास्त्र आपल्यापासून लपवत नाही. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायातील बेथेलचा वृद्ध संदेष्टा सरळ खोटे बोलला. देवाच्या माणसाला परमेश्वराची स्पष्ट आज्ञा होती, की इथे भाकर खाऊ नको, पाणी पिऊ नको. देवदूताने मला वेगळे सांगितले, असे म्हणून वृद्धाने त्याला परत फिरवले, आणि तो जिवाला मुकला. नाथानाची गोष्ट निराळी. तो खरा संदेष्टा होता, दावीदाचा हितचिंतक होता. मंदिर बांधण्याचा विचार दावीदाने बोलून दाखवताच तो म्हणाला, तुझ्या मनात आहे ते सगळे कर, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे. त्याच रात्री परमेश्वराने त्याची चूक सुधारली, आणि दावीदाने मंदिर बांधायचे नाही, हे राजाला जाऊन सांगण्याचे जड काम त्यालाच करावे लागले. चांगल्या माणसाच्या तोंडून, चांगल्या हेतूने, घाईत निघालेले ते शब्द होते.

तिसरा प्रकार मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या २१व्या अध्यायात सोर येथील शिष्य आत्म्याच्या प्रेरणेने पौलाला यरुशलेमेस न जाण्याविषयी सांगतात. पुढे कैसरीयात अगब हा संदेष्टा पौलाचा कमरपट्टा घेऊन स्वतःचे हातपाय बांधतो आणि पुढे काय होणार ते दाखवतो. सगळे रडून पौलाला थांबवू पाहतात. पौल मात्र आत्म्याने बद्ध होऊनच यरुशलेमेस निघालेला असतो, आणि वाट्याला बंधने येणार आहेत हे त्याला आधीच कळलेले असते. शिष्यांना जे जाणवले ते खरे होते, संकट खरोखर येणार होते. पण त्यावरून पौलाने काय करावे, हा निष्कर्ष त्यांच्या प्रेमाचा होता. पौलाने तो मान्य केला नाही, तरी कोणी त्याला आज्ञाभंग करणारा म्हटले नाही. 'प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो' असे म्हणून ते गप्प राहिले. तुमच्याविषयी त्या बंधूंना प्रार्थनेत खरोखर काही जाणवले असेल, कदाचित तुमच्यातील एखादे दान त्यांना दिसले असेल. तरीही नोकरीचा राजीनामा हा निष्कर्ष त्यांनी काढायचा नाही.

हे मी इतक्या आग्रहाने लिहिते, त्याला माझ्या आयुष्यातील एक घटना कारण आहे. अनेक वर्षांपूर्वी एका तरुण मैत्रिणीला मी असेच सांगितले होते, की प्रभूने मला तुझ्याविषयी दाखवले आहे, अमुक मार्ग तुझा नाही. मी खोटे बोलत नव्हते. मी तिच्यासाठी मनापासून प्रार्थना केली होती, आणि माझी काळजी इतकी दाट झाली होती की मला ती प्रभूचीच वाणी वाटली. तिने माझ्या शब्दावर तो मार्ग सोडला. पुढे काही वर्षांनी ती मला म्हणाली, 'तुम्ही तुमचे मत म्हणून सांगितले असते, तर मी तुमच्याशी वाद घालू शकले असते. देवाशी कसा घालणार?' मी तिची क्षमा मागितली आणि तिने ती केली, पण तिचे ते वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. 'प्रभूने सांगितले' हे शब्द उच्चारताच समोरच्याचा प्रश्न विचारण्याचा हक्क आपण काढून घेतो. यिर्मयाच्या २३व्या अध्यायात परमेश्वर म्हणतो, की आपलीच जीभ चालवून 'तो म्हणतो' असे सांगणाऱ्या संदेष्ट्यांच्या मी विरुद्ध आहे. ते वचन मी तेव्हापासून स्वतःला लागू करून वाचते.

म्हणून पारख करणे हा अविश्वास आहे, हे आधी मनातून काढून टाका. पौल थेस्सलनीकाकरांस लिहितो, 'आत्म्याला विझवू नका. संदेशांचा धिक्कार करू नका. सर्व गोष्टींची पारख करा. चांगले ते बळकट धरा.' या चारही आज्ञा एकाच दमात आल्या आहेत, त्यातली एक पाळण्यासाठी दुसरी मोडावी लागत नाही. करिंथच्या मंडळीला तो सांगतो, की संदेष्ट्यांपैकी दोघातिघांनी बोलावे आणि इतरांनी पारखावे. ज्या गटात संदेश दिले जातात पण पारखले जात नाहीत, तिथे प्रेषिताच्या सूचनेचा अर्धाच भाग पाळला जात आहे. बिरुयातील लोक तर प्रत्यक्ष पौलाचे बोलणे शास्त्रात दररोज तपासून पाहत होते, आणि त्याबद्दल त्यांना थोर मनाचे म्हटले आहे.

आता डोळे मिटून बायबल उघडण्याविषयी. तुम्हाला दोन दिवसांत दोन उलट उत्तरे मिळाली, हे एका अर्थी बरेच झाले, कारण त्या पद्धतीची मर्यादा तुम्हाला स्वतःलाच दिसली. या पद्धतीचे समर्थन करताना पुष्कळदा संत ऑगस्टीनचा दाखला दिला जातो. इ. स. ३८६मध्ये मिलान येथील एका बागेत, 'उचल आणि वाच' असे म्हणणारा लहान मुलाचा आवाज ऐकून त्याने पौलाची पत्रे उघडली आणि रोमकरांस पत्राच्या १३व्या अध्यायातील वचनाने त्याचे जीवन पालटले, हे खरे आहे. पण ते वचन काय होते? विलास व विषयवासना सोडून प्रभू येशू ख्रिस्ताला परिधान करा, ही सर्व ख्रिस्ती माणसांना दिलेली उघड आज्ञा होती, आणि ती आपल्याला लागू आहे हे ऑगस्टीनला फार आधीपासून ठाऊक होते. तो टाळत होता एवढेच. नोकरी कोणती करावी, घर कुठे करावे, असले गुपित त्या पानातून निघाले नव्हते. पुढे बिशप झाल्यावर याच ऑगस्टीनने एका पत्रात लिहिले, की शुभवर्तमानाची पाने उलटून कौल घेण्याची चाल भुताखेतांना विचारण्यापेक्षा बरी असली, तरी सार्वकालिक जीवनाविषयी बोलणारी दैवी वचने ऐहिक कारभारासाठी अशी वापरणे आपल्याला आवडत नाही. ज्याच्या नावावर ही पद्धत चालते, त्याचेच हे मत आहे.

देवाकडे खूण मागण्यासाठी गिदोनाने रात्री खळ्यात लोकर ठेवली होती, तिचाही दाखला दिला जातो. त्याविषयी थोडक्यात एवढेच, की लोकर ठेवण्यापूर्वी गिदोनाला आज्ञा स्पष्ट मिळालेली होती आणि 'तू म्हटल्याप्रमाणे' असे तो स्वतःच म्हणतो. देवाने त्याच्या भित्रेपणाला सांभाळून घेतले. इतरांनीही तसेच करावे असे कुठे सांगितलेले नाही. वचन समोर आले म्हणजे ते आपल्यासाठीच दिले गेले, असेही नसते. येशूच्या परीक्षेच्या वेळी त्याच्यापुढे सैतानाने ९१वे स्तोत्रच म्हणून दाखवले होते, आणि येशूने त्याला शास्त्राच्या दुसऱ्या वचनाने उत्तर दिले. वचनाचा अर्थ त्याच्या मागच्यापुढच्या संदर्भात आणि सबंध शास्त्राच्या उजेडात लागतो, तुटक ओळीत लागत नाही.

तुमच्या पत्रात भीती फार आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहिते. आपल्या लोकांत एक सोपे माप रूढ आहे: मनात शांती असेल तर देवाची इच्छा, शांती नसेल तर नाही. हे माप मला अपुरे वाटते. योना देवापासून पळत असताना जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता, आणि आपला प्रभू पित्याच्या इच्छेच्या अगदी मध्यावर असताना गेथशेमाने बागेत त्याला घोर वेदना होत होत्या. त्यामुळे केवळ मन शांत की अशांत, एवढ्यावरून काही ठरवता येत नाही. पण वेगवेगळे विचार आपल्यामागे कोणता परिणाम ठेवून जातात, हे पाहणे उपयोगी असते. १५२१मध्ये पाम्प्लोना येथील लढाईत पायावर तोफगोळा बसून जखमी झालेला आणि पुढे येशूसंघाचा संस्थापक झालेला इग्नेशियस लोयोला अंथरुणावर पडल्या पडल्या दोन प्रकारची स्वप्ने रंगवत असे. पराक्रमाची आणि मानमरातबाची स्वप्ने रंगवताना मजा येई, पण ती ओसरल्यावर मन कोरडे पडे. ख्रिस्ताच्या व संतांच्या मार्गाने जाण्याचे विचार मात्र संपल्यावरही आनंद ठेवून जात. या निरीक्षणातून त्याने पुढे जे नियम लिहिले, त्यातला एक तुम्ही आज लिहून ठेवावा असा आहे: मन अंधारात आणि अस्वस्थतेत असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. तुम्ही तीन महिने भीतीत आहात. ही राजीनामा लिहिण्याची वेळ नव्हे.

आणि त्या 'उशीर केला तर आशीर्वाद निघून जाईल' या शब्दांविषयी स्पष्टच सांगते. देव निकडीने बोलत नाही असे नाही. लोटाला सदोमातून निघण्यासाठी देवदूतांनी हाताला धरून ओढले होते. पाप सोडणे, क्षमा मागणे, संकटातल्या माणसाला हात देणे, यांसाठी 'आज' हाच शास्त्राचा शब्द आहे. पण पारखायला वेळ मिळू नये म्हणून केलेली घाई ही निराळी गोष्ट आहे. मेंढपाळ पुढे चालतो आणि हाक मारतो. मेंढरांना मागून भीती घालून पळवणारा तो नव्हे. आत्मा पापाची जाणीव करून देतो तेव्हा ती नेमकी असते, अमकीला बोललीस ते चुकीचे होते, तिची क्षमा माग, अशी. आणि तिच्यापाठोपाठ परतीची वाट दिसते. 'तू मेंढरांपैकीच नसशील' अशी सगळ्या जिवाला झाकणारी, वाट न दाखवणारी धास्ती त्याच्याकडून येत नाही.

झोपेकडे दुर्लक्ष करू नका. एलीया जीव नकोसा होऊन रानात झुडपाखाली पडला, तेव्हा देवाने त्याच्याशी लगेच संभाषण सुरू केले नाही. त्याला झोपू दिले, देवदूताकरवी भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. त्यानंतर ४० दिवस व ४० रात्री चालून तो होरेबास पोहोचला, आणि तिथे वारा, भूमिकंप व अग्नी यांच्यानंतर ती शांत, मंद वाणी त्याला ऐकू आली. थकलेल्या शरीराला कान नीट साथ देत नाहीत. झोप अशीच उडालेली राहिली तर डॉक्टरांना दाखवा. त्यात विश्वासाची काही उणीव नाही.

मग ही ओळख वाढते कशी? इब्री लोकांस पत्राच्या सुरुवातीलाच म्हटले आहे, की पूर्वी देव संदेष्ट्यांच्या द्वारे अंशाअंशांनी व नाना प्रकारे बोलला आणि आता पुत्राच्या द्वारे बोलला आहे. देवाच्या वाणीचा बाज काय, तिचा स्वभाव कसा, हे आपल्याला येशूमध्ये कळते, आणि येशू कसा बोलतो हे शुभवर्तमानांत कळते. म्हणून माझी विनंती अशी, की पुढील काही आठवडे आपल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी बायबल उघडू नका. मार्काचे शुभवर्तमान घ्या, १६ अध्याय आहेत, रोज एक क्रमाने वाचा, आणि तो कोणाशी कसा बोलतो एवढेच पाहा: कुष्ठरोग्याशी, रक्तस्रावी स्त्रीशी, श्रीमंत माणसाशी, भांडणाऱ्या शिष्यांशी. संपले की पुन्हा वाचा. त्याच्या बोलण्याची सवय कानाला लागू द्या. आणि वाचताना जे अगदी स्वच्छ कळेल, त्यातले एखादे त्याच दिवशी करा. माझा अनुभव असा आहे, की कळलेले करत गेल्याने न कळलेले हळूहळू कळू लागते, आणि कळलेले बाजूला ठेवून न कळलेल्याच्या मागे लागले की दोन्ही हातचे जाते.

'प्रभू माझ्याशी बोलला' हे वाक्य गटात रोज ऐकून तुम्ही स्वतःला उणे लेखू लागला आहात. अब्राहामाचा हिशेब पाहा. इश्माएलाच्या जन्माच्या वेळी तो ८६ वर्षांचा होता. त्यानंतर परमेश्वराने त्याला दर्शन दिल्याची जी नोंद आहे, ती त्याच्या ९९व्या वर्षाची. मधल्या १३ वर्षांत देव त्याच्याशी बोलल्याचे शास्त्र एका शब्दानेही सांगत नाही. पुष्कळ माणसे 'मला आज एक चांगला विचार सुचला आणि त्याबद्दल मी देवाची आभारी आहे' या अर्थाने ते वाक्य वापरतात. भावना खरी असते, शब्द मोठा होतो.

पौलाची मासेदोनियाची वाट कशी ठरली, तेही पाहण्यासारखे आहे. आशिया प्रांतात वचन सांगण्यास पवित्र आत्म्याने प्रतिबंध केला. बिथुनियाला जाण्याचा प्रयत्न केला, तिथेही मोकळीक मिळाली नाही. त्रोवस येथे रात्री पौलाला दृष्टान्त झाला, त्यात मासेदोनियाचा एक पुरुष त्याला मदतीला बोलावत होता, पण कृत्यांचा लेखक लूक पुढे लिहितो तो अनेकवचनात: देवाने आम्हाला बोलावले आहे असे आम्ही अनुमान केले. दृष्टान्त एकाला झाला, अनुमान सर्वांनी मिळून केले, आणि मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही एकेक गोष्ट जोडून पाहणे असाच आहे. बंद झालेली दारे, दृष्टान्त आणि सोबत्यांचा विचार एकत्र आले तेव्हा पाऊल उचलले गेले. शिवाय दृष्टान्तात पुरुष दिसला होता. मासेदोनियातील फिलिप्पैत प्रथम भेटल्या त्या नदीकाठी जमलेल्या स्त्रिया, आणि थोड्याच दिवसांत पौल व सीला फटके खाऊन तुरुंगात होते. वाट बरोबर होती, म्हणून ती सोपी झाली नाही, आणि आधी जशी डोळ्यांपुढे आली होती तशीही निघाली नाही.

आता तुमच्या आईविषयी. मार्काच्या सातव्या अध्यायात येशू परूश्यांना व शास्त्र्यांना ज्या गोष्टीसाठी कठोर शब्दांत दोष देतो, ती हीच आहे: आईबापांना जे द्यायचे ते 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, असे म्हणून त्यांना मदतीपासून वंचित ठेवायचे. देवाच्या नावाने देवाचीच आज्ञा मोडण्याचा तो प्रकार होता. जो स्वकीयांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे, असे पौल तीमथ्याला लिहितो. आणि वधस्तंभावर असताना आपल्या प्रभूने आईची सोय लावली. याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्याच प्रभूने याकोब व योहान यांना बोलावले तेव्हा ते बाप जब्दीला तारवात सोडून गेले, आणि बाप किंवा आई यांच्यावर जो माझ्यापेक्षा अधिक प्रेम करतो तो मला योग्य नाही, हेही त्याचेच शब्द आहेत. मात्र मार्क एक छोटासा तपशील देतो: जब्दी तारवात एकटा नव्हता, त्याच्याबरोबर नोकरचाकर होते. तुमच्या तारवात तुमच्याशिवाय दुसरे कोणी नाही.

मला रूथ आठवते. तिला दृष्टान्त झाला नाही, स्वप्न पडले नाही, कोणी संदेष्टा तिच्याकडे आला नाही. एक वृद्ध, दुःखी सासू होती आणि तिला सोडायचे नाही असे तिने ठरवले. पोट भरण्यासाठी ती कापणी करणाऱ्यांच्या मागून धान्य वेचायला गेली, आणि शास्त्र म्हणते की सहजगत्या ती बवाजाच्या शेतात पोहोचली. मत्तय प्रभूची वंशावळ लिहितो तेव्हा तिचे नाव त्यात आहे. देव तिच्याशी कधी बोलला, असे तिला कोणी विचारले असते तर तिने काय सांगितले असते? तरीही ती त्याच्यामागे चालत होती. तुम्ही रोज वर्गात मुलांपुढे उभ्या राहता आणि संध्याकाळी आईची शुश्रूषा करता. ते सेवेच्या आधीचे काहीतरी आहे आणि खरी सेवा पुढे सुरू होणार आहे, असे मला वाटत नाही.

एक प्रश्न मात्र तुम्ही स्वतःला विचारावा, आणि तो कठीण आहे. यिर्मयाच्या ४२व्या व ४३व्या अध्यायांत, यरुशलेमेच्या पाडावानंतर देशात उरलेले लोक यिर्मयाकडे येऊन म्हणतात, आमच्यासाठी परमेश्वराला विचार. बरे असो की वाईट, आम्ही ऐकू. दहा दिवसांनी उत्तर येते: याच देशात राहा. ते म्हणतात, तू खोटे बोलतोस. मिसरला जायचे हे त्यांचे आधीच ठरलेले होते. तुमच्या बाबतीत 'राहा' आणि 'जा' यांपैकी कोणतेही उत्तर आले तरी ते ऐकण्याची तयारी आहे का? नसेल तर तेच प्रार्थनेत सांगा, लपवू नका. पूर्णवेळ सेवेची हाक कधीच येणार नाही, असे मी म्हणू शकत नाही; तसे म्हणाले तर त्या बंधूंनी केले तेच मीही करीन. ती आली, तर तिची ओळख तुम्हालाही पटेल, आईच्या देखभालीचा विचार तिच्यात असेल, आणि तुम्हाला जवळून जाणणाऱ्या, या निर्णयातून ज्यांचा काही लाभ नाही अशा दोघातिघा परिपक्व विश्वासणाऱ्यांनाही ती दिसेल. त्यांत तुमच्या पाळकांना घ्या आणि एखाद्या वयस्क स्त्रीलाही घ्या.

गटात जाणे एवढ्यात थांबवू नका. त्या बंधूंना एकांतात, पण सोबत एखाद्या विश्वासू भगिनीला घेऊन भेटा आणि शांतपणे सांगा: तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना केलीत याबद्दल मी आभारी आहे, तुमचे शब्द मी प्रभूपुढे आणि पाळकांपुढे ठेवले आहेत, प्रभूने मलाही स्पष्ट करेपर्यंत मी आहे तिथेच राहणार आहे, आणि पुन्हा माझ्याविषयी काही जाणवले तर कृपया ते सभेत न सांगता मला सांगा. यापेक्षा जास्त स्पष्टीकरण देण्यास तुम्ही बांधलेल्या नाही. त्यांनी हे नम्रपणे ऐकून घेतले, तर ते खरेच तुमचे वडीलधारे आहेत, त्यांच्या सहवासात राहा. त्यांनी त्यावर नवी मुदत आणि नवी धमकी दिली, किंवा गटाने तुम्हाला अवज्ञा करणारी ठरवले, तर पाळकांना सांगून प्रार्थनेसाठी दुसरी संगत शोधा. काय झाले ते मला जरूर कळवा. तोपर्यंत तुमचे आणि तुमच्या आईचे नाव माझ्या रोजच्या प्रार्थनेत राहील.

तुमची ताई